पस मॉथ हातानं घडवताना आधी सांगाडा, मग कापड

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ-दहा वर्षं प्लास्टिकची किट जोडून हात बसला आहे. आता जेआरडी टाटांनी १९३२ साली कराचीहून जुहूला टपाल आणलं त्या पस मॉथ विमानाचं मॉडेल किटशिवाय, स्वतः कापून-घडवून करायचं आहे. स्केल कोणतं घ्यावं, शीट किती जाडीची, कापडाचा पोत कसा आणायचा आणि सुरुवात कुठून करायची?

विमान चांगलं निवडलंत. पहिल्या स्क्रॅचबिल्डसाठी दुपंखी विमान घेतलं की माणूस तारा ओढण्यातच दमतो. पस मॉथला वर एकच पंख आहे आणि त्याची रुंदी मुळापासून टोकापर्यंत जवळपास सारखी, फक्त टोकं गोलावलेली. खाली दोन्ही बाजूंना व्ही आकाराचे टेकू. धडाच्या बाजू बऱ्याच अंशी सपाट. पण सोपं दिसणारं विमान अवघड असतं ते याच कारणानं. लपवायला काही नसतं, त्यामुळे रेषा एक मिलिमीटर वाकडी गेली तरी लांबून दिसते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या विमानाचं धड म्हणजे वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि त्यावर ताणलेलं कापड. पंख लाकडी, त्यावरही कापडच. पृष्ठभागावर दिसणारी प्रत्येक रेषा आतल्या कुठल्यातरी नळीमुळे, पट्टीमुळे किंवा फासळीमुळे उठलेली असते. आत काय आहे ते न समजता बाहेरून रेघा कोरल्या तर मॉडेल साबणाच्या वडीसारखं दिसतं. म्हणून सुरी हातात घेण्याआधी महिनाभर फक्त कागद आणि पेन्सिल घेऊन बसा.

स्केल १/३२ घ्या. पस मॉथच्या पंखांचा विस्तार ३६ फूट ९ इंच, म्हणजे सुमारे ११.२० मीटर. १/३२ ला तो बरोबर ३५० मिमी येतो. लांबी २५ फूट म्हणजे २३८ मिमी, उंची ७ फूट म्हणजे साधारण ६७ मिमी. १/४८ ला विस्तार २३३ मिमीच होतो आणि केबिनच्या आतल्या नळ्या केसासारख्या बारीक होतात. १/२४ ला ४६७ मिमी, म्हणजे कपाटाचा अख्खा कप्पा जातो आणि रिकामी जागा भरायला तपशील दुप्पट लागतो. हे विमान बनवणाऱ्या डी हॅव्हिलँड कंपनीचं सगळं मोजमाप फूट-इंचात आहे, म्हणून मीटरच्या फंदात पडूच नका. १/३२ ला एक फूट म्हणजे ९.५२५ मिमी आणि एक इंच म्हणजे ०.७९ मिमी. हे दोन आकडे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा.

आता कोणतं विमान आणि कोणत्या दिवशीचं, हे ठरवा. नुसतं ‘पस मॉथ’ बांधायचं म्हटलं तर काहीच ठरत नाही, कारण या जातीची तीनशेच्या आतबाहेर विमानं झाली आणि जवळजवळ प्रत्येकात काहीतरी वेगळं होतं. वैमानिक जिम मॉलिसन १९३२ च्या ऑगस्टमध्ये एकट्यानं अटलांटिक ओलांडून गेले ते पस मॉथच, पण त्यात जादा इंधनाची टाकी भरलेली होती. त्या विमानाचे फोटो बघून जेआरडींच्या विमानाची केबिन करायला गेलात तर चुकणार. तुम्हाला हवं ते व्हीटी-एडीएन या नोंदणीचं, १५ ऑक्टोबर १९३२ चं. त्या दिवशी जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले, अहमदाबादला उतरले, तिथे इंधनाचे डबे बैलगाडीवरून आले, आणि दुपारी ते जुहूला पोचले. पुढे त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बल्लारीमार्गे मद्रासला गेले. हा दिवस डोळ्यांसमोर ठेवला की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. सेवा नुकतीच सुरू होत होती, तेव्हा तेलाचे ओघळ, उडालेला रंग, ठिगळं असलं काही नको. धूळ मात्र हवी. सिंधपासून गुजरातेपर्यंतची धूळ चाकांवर आणि पोटाखाली बसलेली असणारच.

इथे एक चूक मी वारंवार पाहतो. १९८२ मध्ये, पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा, ७८ वर्षांच्या जेआरडींनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केलं. त्याचे फोटो रंगीत आहेत, स्वच्छ आहेत, सहज सापडतात, आणि लोक त्यावरून १९३२ चं विमान बांधायला घेतात. पण १९८२ चं विमान लेपर्ड मॉथ आहे. लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडालंच १९३३ मध्ये. त्याचं धड प्लायवूडचं, पंख टोकाकडे निमुळते, इंजिन जिप्सी मेजर. पस मॉथमध्ये १२० अश्वशक्तीचं जिप्सी थ्री आहे. दोन्ही विमानं लांबून भावंडांसारखी दिसतात, म्हणूनच फसगत होते. फोटो हातात आला की पहिल्यांदा पंखाची पुढची कड बघा. टोकाकडे ती मागे वळत गेली असेल तर तो फोटो बाजूला ठेवा.

जुन्या कृष्णधवल फोटोंवरून रंग ठरवतानाही जपून. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरत आणि तिला लाल रंग दिसत नाही. लाल पट्टा तिच्यावर जवळजवळ काळा येतो, निळा फिकट येतो. ‘फोटोत गडद आहे म्हणजे निळाच असणार’ हा तर्क उलटा पडू शकतो. रंगाचं समकालीन लेखी वर्णन मिळत नाही तोवर डबा उघडू नका. आज जगात काही पस मॉथ शिल्लक आहेत आणि त्यांचे जवळून काढलेले फोटो रचना समजायला फार उपयोगी पडतात. मात्र इतकी वर्षं उडत राहिलेल्या जुन्या विमानांवर नंतरच्या काळातले बदल झालेले असतात: शेपटीखालच्या स्किडऐवजी (जमिनीवर घासणाऱ्या दांड्याऐवजी) चाक, रेडिओची एरियल, नवी उपकरणं. तिथून सांगाडा घ्या, साजशृंगार घेऊ नका.

आणखी एक बारकावा. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत काही पस मॉथ हवेतच पंख तुटून पडली. तपासणीनंतर पंखाच्या टेकूला बळकटी देणारी छोटी जादा दांडी बसवण्यात आली. ती दाखवायची की नाही हे तुमच्या विमानाच्या तारखेच्या फोटोवरून ठरवा, दुसऱ्या कुठल्या विमानावरून नाही.

ड्रॉइंग हातात आलं की त्यावर विश्वास ठेवण्याआधी ते तपासा. झेरॉक्स मशीन कागद एका दिशेनं किंचित ताणतं. ड्रॉइंगवर आडवी आणि उभी अशा दोन २०० मिमीच्या रेघा काढा, मग प्रिंट काढा आणि दोन्ही मोजा. एक १९९ आणि दुसरी २०१ भरली तर त्या प्रिंटवरून काही कापू नका. मग पंखांचा विस्तार मोजा. ३५० हवा. त्यानंतर बाजूच्या आणि वरच्या आकृतीत धडाची लांबी, केबिनच्या दाराची जागा, पंखाची पुढची-मागची कड एकमेकांशी जुळतात का ते बघा. छापील ड्रॉइंगांत या दोन आकृत्यांत दीड-दोन मिलिमीटरचा फरक सर्रास असतो. जिथे न जुळेल तिथे फोटो खरा धरायचा, आणि फोटो अगदी बाजूनं, लांबून काढलेला असला पाहिजे. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि शेपूट लहान येते.

धडाकडे वळू. दोन्ही बाजूंसाठी ०.७५ मिमी स्टायरीन (प्लास्टिक) शीट पुरते. दोन तुकडे दुहेरी चिकटपट्टीनं एकमेकांवर चिकटवून एकदमच कापा आणि कानशीनं कड एकत्रच घासा, म्हणजे डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी होईल. आतले आडवे पडदे १ मिमीचे. प्रत्येक पडदा उभा करताना गुण्या लावा, डोळ्यावर विसंबू नका. शेपटीकडे बाजू एकमेकींकडे झुकतात. तिथे शीट जोर लावून आवळू नका, आधी गरम पाण्यात धरून हलका बाक द्या. जोर लावून आवळलेलं धड आज सरळ दिसतं आणि सहा महिन्यांनी पिळतं.

केबिनचा भाग मात्र शीटचा करू नका, तिथे खरोखरच नळ्यांचा पिंजरा बांधा. यासाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या इंजेक्शनच्या नव्या सुया मला सगळ्यात आवडतात. २३ गेजची सुई बाहेरून ०.६४ मिमी असते, म्हणजे १/३२ ला साधारण पाऊण इंची नळी. २० गेजची ०.९१ मिमी, म्हणजे सव्वा इंचाच्या जवळपास. पोलादी असल्यानं वाकत नाहीत, दुकानात नेहमी मिळतात आणि जाडी दरवेळी तीच. टोक डिस्क-कटरनं उडवा आणि डोळ्यांवर गॉगल लावल्याशिवाय हे काम करू नका, तो तुकडा गोळीसारखा उडतो. सांध्यावर थोडं इपॉक्सी लावून ते बोटानं गोलावलं की वेल्डिंगचा फुगवटा हुबेहूब येतो. हा पिंजरा खिडक्यांतून दिसतो आणि सगळ्या मॉडेलमध्ये लोक सगळ्यात जास्त वेळ तिथेच डोळा लावून उभे राहतात.

आता पंख, कारण तुमचा खरा प्रश्न कापडाचा आहे.

बहुतेक जण फासळ्यांमधलं कापड झोळीसारखं खाली गेलेलं दाखवतात. खरं कापड डोप (कापड आवळणारं लॅकर) लावल्यावर ढोलाच्या चामड्यासारखं ताणतं. पंखाच्या वरच्या बाजूला फासळी उठून दिसते ती मुख्यतः तिच्यावर चिकटवलेल्या कापडी पट्टीमुळे, दरीमुळे नव्हे. हिशोब करून बघा: दोन इंची पट्टी १/३२ ला १.६ मिमी रुंद होते. जाडी तर इतकी कमी, की एखाद्या रंगाच्या थरापेक्षाही पातळ. शीटची पट्टी कापून चिकटवली की ती लगेच दहापट जाड होते आणि पंख पत्र्याच्या छपरासारखा दिसायला लागतो.

मी करतो ते असं. मधोमध पितळी नळीचा स्पार (पंखाचा कणा), दोन्ही पंखांतून केबिनच्या छपरात जाणारा. त्यावर १ मिमी शीटच्या फासळ्या. फासळ्या किती आणि कुठे, हे फोटोत मोजून घ्यायचं, ड्रॉइंगवर अंदाजानं नाही. वरून ०.५ मिमी शीटची एकच सलग कातडी, पुढच्या कडेला वळवलेली. वळवण्यासाठी शीट बांबूच्या किंवा पितळेच्या गोल दांड्याभोवती गुंडाळून चिकटपट्टीनं बांधा, कडकडीत गरम पाण्यात मिनिटभर धरा आणि लगेच गार पाण्यात घाला. वाक कायमचा बसतो. चिकटवून झाल्यावर पृष्ठभाग पूर्ण गुळगुळीत घासायचा, मग पट्ट्या. प्रत्येक फासळीच्या जागी १.६ मिमी फट ठेवून दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा आणि त्या फटीवर सरफेसर प्रायमरचे दोन-तीन पातळ थर फवारा. टेप काढल्यावर प्रायमरची एक अगदी उथळ कड राहते. ती ओल्या १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं तीन-चार हात हळू फिरवून मऊ करा. दिव्याच्या तिरप्या उजेडात पट्टी दिसली आणि समोरून बघताना नाहीशी झाली, की ती बरोबर आहे. मी ही परीक्षा खिडकीशी सकाळच्या उन्हात घेतो.

पंखाच्या बाबतीत माझ्याकडून झालेली एक चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगतो. सुरुवातीच्या एका मॉडेलमध्ये मी पोकळ पंख चारही बाजूंनी बंद केला आणि पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) भरपूर वापरलं. दोन महिने सगळं ठीक होतं. मग कातडीवर फासळ्यांच्या मधे खड्डे पडत गेले. सिमेंटची वाफ आतच अडकून शीट आतून मऊ करत होती. शेवटी तो पंख कापून टाकावा लागला आणि तीन आठवड्यांचं काम गेलं. तेव्हापासून प्रत्येक बंद पोकळीला, पंख असो वा शेपटी, मुळाशी १ मिमीचं भोक पाडतो. ते जोडाच्या आत लपतं. आणि सिमेंट ब्रशच्या टोकावर मावेल इतकंच.

इंजिनाच्या काउलिंगसाठी (पत्र्याच्या आवरणासाठी) शीट चालत नाही, तिथे पत्रा पत्र्यासारखाच दिसला पाहिजे. ऑफसेट छापखान्यातली वापरून झालेली ॲल्युमिनियमची प्लेट मागून आणा. बहुतेक छापखाने ती रद्दीच्या भावानं देतात. ती कडक असते, म्हणून आधी मऊ करायची: प्लेटवर कपड्याच्या साबणाची वडी घासून रेघ ओढा आणि मागच्या बाजूनं गॅसवर तापवा. साबण काळा पडला की लगेच बंद. गार झाल्यावर ती प्लेट कागदासारखी वळते. खाली लाकडी ठोकळा लागेल, काउलिंगच्या आकाराचा. मी शिवणीचं लाकूड वापरतो, ते एकसारखं कोरलं जातं आणि दमट हवेत फारसं हलत नाही. जिप्सी थ्री उलटं बसवलेलं इंजिन आहे, सिलिंडर खाली आणि नाकावरच्या पंख्याचा (प्रॉपेलरचा) दांडा वर. त्यामुळे नाकाचा खालचा भाग खोल आणि वरचा उतरता असतो. हा तोल चुकला की पस मॉथचा चेहराच बदलतो. ठोकळा कोरताना सगळ्यात जास्त वेळा इथेच फोटो शेजारी धरून बघा.

चाकांचे पाय हा या विमानाचा माझा आवडता भाग. मुख्य दांडा इतका लांब आहे की तो वर पंखाच्या मुळापर्यंत पोचतो, आणि त्याच्याभोवती माशाच्या आकाराचं चपटं आवरण असतं. वैमानिक ते आवरण आतून ९० अंशांत फिरवू शकत असे. आडवं केलं की वारा अडायचा आणि विमान उतरताना वेग कमी व्हायचा. १९३० सालच्या विमानात ही युक्ती आहे, आणि जमिनीवर उभ्या विमानाला पाहताना ती कुणाच्या लक्षातही येत नाही. मॉडेलमध्ये आत पितळी नळी, तिला खालच्या दांड्यांशी डाख, बाहेर शीटचं आवरण. पाय नुसत्या प्लास्टिकचे केले तर वर्षा-दोन वर्षांत विमान गुडघे टेकतं. डाख लावताना आधी लावलेला सांधा सुटू नये म्हणून त्यावर ओल्या टिश्यूची घडी ठेवा. आवरण चिकटवू नका, नळीवर फिरतं ठेवा.

काचा सपाट आहेत, त्यामुळे कॅनोपी (घुमटाकार काच) ओतायचं काम नाही. ०.२५ मिमी पारदर्शक शीट कापून बसवा. पण केबिनच्या आसपास सुपरग्लू अजिबात आणू नका. त्याची वाफ बंद केबिनमध्ये रात्रभरात काचेवर पांढरी साय धरते आणि ती आतून पुसता येत नाही. साधा पांढरा फेव्हिकॉल पाण्यानं किंचित सैल करून वापरा.

रंगाच्या बाबतीत महिना बघून काम करा. मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर फवारू नका. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते आणि चंदेरी रंग तर पार मरतो. त्या काळात आतलं काम करा: सुया, डाख, खुर्च्या. खुद्द टाटांच्या टपालसेवेलाही पावसाळ्यात जुहू सोडून पुण्याला जावं लागत असे, कारण जुहूचं मैदान चिखलात बुडायचं. तुम्हीही रंग ऑक्टोबरसाठी राखून ठेवा. पंखाला रंग देताना एक युक्ती: फासळ्यांच्या पट्ट्यांवर मूळ रंगात पाच टक्के काळा मिसळून एक अगदी हलका फवारा मारा, मग सगळ्यावरून मूळ रंगाचा पातळ थर. डोळ्याला फरक कळत नाही, पण कापड आतल्या लाकडावर ताणलेलं आहे असं वाटतं.

नोंदणीची अक्षरं डेकलवर (चिकटवायच्या छापील पट्टीवर) छापू नका, टेप कापून फवारा. धडावरच्या अक्षरांची उंची आणि दोन अक्षरांमधलं अंतर फोटोतल्या दाराच्या उंचीशी ताडून घ्या, कारण दार ड्रॉइंगवर तुम्ही आधीच तपासलेलं आहे. पंखावरची अक्षरं किती फासळ्या ओलांडतात ते मोजलं की त्यांचा आकार आपोआप मिळतो.

लाकडी पंखा सगळ्यात शेवटी. फिक्या आणि गडद लाकडाच्या १ मिमी पट्ट्या एकाआड एक चिकटवून मग कोरा, म्हणजे पात्याच्या पिळावर थरांच्या रेषा आपोआप वळत जातात. त्या रंगानं काढून कधीच खऱ्या दिसत नाहीत.

ड्रॉइंगची पहिली प्रिंट काढलीत की दोन मोजमापं लिहून कळवा: वरच्या आकृतीतली पंखाची मुळाशी रुंदी आणि बाजूच्या आकृतीतली. पंखाचं क्षेत्रफळ २२२ चौरस फूट आहे, तेव्हा सरासरी रुंदी १/३२ ला साडेसत्तावन्न मिलिमीटरच्या आसपास यायला हवी, आणि टोकं गोल असल्यामुळे मुळाशी त्याहून थोडी जास्त. तुमचा आकडा ५७ च्या खाली आला तर कापायला सुरुवात करू नका. आधी ते ड्रॉइंग आपण एकत्र बसून तपासू.